रचनांतराची नोंद आणि तिच्यामागील कारण

मोठ्या सॉफ्टवेअर-प्रणालींच्या रचनेविषयी गेल्या अर्धशतकात जे विवेचक लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. रचना कशी करावी हे सांगणारा पहिला भाग विपुल आहे. केलेली रचना बदलली असता तो बदल कोणी, कोठे व कोणासाठी लिहून ठेवावा, हे सांगणारा दुसरा भाग त्या मानाने अगदी तोकडा असून त्याकडे अभ्यासकांचे लक्षही कमी गेले आहे. नोंद ठेवणे हे कारकुनी काम, रचना हे बुद्धीचे काम, असा एक समज या दुर्लक्षाच्या मुळाशी असावा. हा समज कितपत टिकतो, हे या दुसऱ्या भागातील काही प्रमुख लेख एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते. हे लेख परस्परांना छेद देतात. आणि त्या सर्वांची कसोटी पाहणारा एक अपघात-अहवालही उपलब्ध आहे.

कालक्रमाने पहिला मान फ्रेडरिक ब्रूक्स यांचा. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या निर्मितीचे ते व्यवस्थापक होते, आणि त्या अनुभवावर आधारलेला ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा त्यांचा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथातील मनुष्यबळ व मुदत यांविषयीचे प्रकरण सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ‘प्रकल्प-वही’विषयीचा भाग फारसा वाचला जात नाही. प्रकल्पातील प्रत्येक विनिर्देश, प्रत्येक टिपण व प्रत्येक फेरफार एकाच रचनाबद्ध वहीत जावा आणि ती वही प्रत्येक आज्ञावलीकाराच्या हाताशी असावी, असा ब्रूक्स यांचा आग्रह. सहा महिन्यांत या वहीची जाडी पाच फुटांवर गेली. शंभर प्रती एकावर एक रचल्या असत्या, तर मॅनहॅटनमधील ज्या इमारतीत काम चाले तिच्याहूनही ती चळत उंच झाली असती, असे ते म्हणतात. दररोजच्या फेरफारांचा गठ्ठा सरासरी दोन इंचांचा, म्हणजे सुमारे दीडशे पानांचा असे. आणि जुनी पाने काढून नवी घालणे हेच प्रत्येकाचे एक नित्यकर्म होऊन बसले.

पुढे ही वही मायक्रोफिशवर नेण्यात आली. खर्च वाचला, जागा वाचली. येथे ब्रूक्स एक मार्मिक निरीक्षण नोंदवतात. कागदी पाने जागच्या जागी लावण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण त्या निमित्ताने बदललेले पान निदान डोळ्यांखालून जात असे. मायक्रोफिशने तो त्रास संपवला आणि त्याबरोबर वाचनही संपण्याची भीती निर्माण झाली. यावर त्यांचा उपाय असा : बदललेल्या मजकुराच्या समासात रेघ असावी, शिवाय फेरफारांचा एक वेगळा सारांश असावा, व कोणता फेरफार कितपत महत्त्वाचा हेही त्यात सांगावे. समासातील रेघ ‘काय बदलले’ हे दाखवते आणि सारांश ‘त्याचे काय’ हे सांगतो. आज ज्या यंत्रणा आज्ञावलीच्या प्रत्येक ओळीतील फरक क्षणार्धात रंगवून दाखवतात, त्यांनी समासातील रेघ पूर्णत्वाला नेली. सारांशाचे काम मात्र होते तेथेच आहे. ही गोष्ट ब्रूक्स यांनी १९७५ साली ओळखली, यात त्यांची दृष्टी दिसते. तथापि त्यांच्या सारांशातही ‘का बदलले’ या प्रश्नाला स्वतंत्र जागा नाही.

ब्रूक्स यांच्या या ‘सर्वांना सर्व काही’ या भूमिकेच्या नेमकी विरुद्ध भूमिका डेव्हिड पार्नास यांची. १९७२ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात अनुक्रमणिका तयार करणारी एक छोटी आज्ञावली दोन प्रकारांनी विभागून दाखविली आहे. कामाच्या टप्प्यांप्रमाणे विभागणी केली, तर माहिती साठवण्याची पद्धत बदलताच जवळजवळ प्रत्येक घटकाला हात लावावा लागतो. उलट, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका घटकाच्या पोटात लपविला, तर बदल त्या घटकाबाहेर जातच नाही. याचा अन्वयार्थ नोंदीच्या दृष्टीने फार दूरगामी आहे. बदल बाहेर जात नसेल, तर तो कळविण्याचेही कारण उरत नाही. उत्तम रचना ही बव्हंशी दळणवळणाची बचत होय. ब्रूक्स यांनी १९७५ साली या मताचा अव्हेर केला होता. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, पार्नास यांचे बरोबर होते व आपले चुकले होते असे त्यांनी नि:संकोचपणे लिहिले. विद्येच्या क्षेत्रात असा कबुलीजबाब विरळाच, आणि तो गौरवास पात्रही आहे. परंतु या कबुलीमुळे वाद निकालात निघाला असे जे पुढील लेखनात गृहीत धरले जाते, ते घाईचे आहे. पुढच्याच वर्षी घडलेल्या एका घटनेने हा वाद पुन्हा उघडला, असे म्हणावे लागते.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. मुख्य इंजिनाच्या प्रज्वलनक्रमापासून सुमारे ३७ सेकंदांनी त्याची मार्गदर्शन-माहिती हरपली आणि सुमारे ३,७०० मीटर उंचीवर तो आपल्या चार उपग्रहांसह नष्ट झाला. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी-मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. मोजक्या पानांचा हा अहवाल अभियांत्रिकी गद्याचा एक नमुना म्हणूनही वाचण्याजोगा आहे. त्यात कोणावर ठपका ठेवण्याची घाई नाही. कारणांची साखळी शेवटच्या कडीपासून पहिल्या कडीपर्यंत शांतपणे उलगडली आहे.

ही साखळी थोडक्यात अशी. अग्निबाणाची स्थिती व गती सांगणाऱ्या जडत्व-मापक यंत्रणेत एक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट रूपातून १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बदलली जात असे. आडव्या वेगाशी निगडित असलेली ती संख्या त्या पूर्णांकात मावेनाशी झाली. ज्या सात चलांच्या बाबतीत असा धोका संभवत होता, त्यांपैकी चारांना आज्ञावलीत संरक्षण दिलेले होते व तिघांना नव्हते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून ही काटकसर केली होती, आणि उरलेली तीन चले भौतिक कारणांनी मर्यादित राहतील किंवा त्यांत भरपूर सुरक्षित अंतर आहे, असा त्यामागील युक्तिवाद होता. एरियान-४ पुरता तो युक्तिवाद खराच होता. एरियान-५ चा आडवा वेग मात्र आरंभीच्या काळात पाचपट त्वरेने वाढत असे. राखीव यंत्रणेवर तीच आज्ञावली असल्याने ती ७२ मिलिसेकंदांच्या एका आवर्तनापूर्वीच बंद पडलेली होती.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या गणिताने हा घात केला त्याचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. ते उड्डाणपूर्व संरेखनाचे गणित होते. एरियान-४ मध्ये उलटगणती अखेरच्या क्षणी थांबवावी लागली, तर संपूर्ण संरेखन पुन्हा करावे लागू नये, म्हणून ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवण्याची सोय केलेली होती. या सोयीचा उपयोग १९८९ साली ३३ व्या उड्डाणाच्या वेळी एकदाच झाला. एरियान-५ ची सिद्धताच निराळ्या पद्धतीची असल्याने तिला या सोयीची गरज नव्हती. परंतु एरियान-४ मध्ये जे नीट चालले त्याला हात लावू नये, या विचाराने ती राहून गेली.

आता पार्नास यांच्या सिद्धांताच्या प्रकाशात या घटनेकडे पाहावे. जडत्व-मापक यंत्रणा हा एक आदर्श घटक होता : सीमा स्पष्ट, अंतर्भाग झाकलेला, एका अग्निबाणातून दुसऱ्यात उचलून नेण्याजोगा. नेमक्या याच गुणांमुळे तीन चलांविषयीचा युक्तिवादही घटकाच्या पोटात झाकला गेला. निर्णय लपविणे इष्टच. पण तो निर्णय ज्या गृहीतावर उभा असतो ते गृहीत बहुधा घटकाच्या बाहेरील जगाविषयीचे असते, आणि ते लपविले की बाहेरचे जग बदलल्याचे घटकाला कळण्याचा मार्ग बंद होतो. एरियान-५ च्या मार्गक्रमणाची आकडेवारी या यंत्रणेच्या विनिर्देशांत घालू नये, असे संबंधितांनी परस्परसंमतीने ठरविले होते, असे अहवाल सांगतो. म्हणजे जो एक आकडा त्या जुन्या गृहीताला जागे करू शकला असता, तोच दाराबाहेर ठेवला गेला. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, घटकाच्या सीमेवर त्याच्या अपेक्षा नमूद असाव्यात हे पार्नास यांना पूर्ण मान्य आहे. दोष सिद्धांताचा नसून त्याच्या अर्ध्याच स्वीकाराचा आहे. परंतु उद्योगात जो रुजला तो अर्धाच.

मग ते गृहीत कोठेच लिहिलेले नव्हते काय? या ठिकाणी अहवालातील सर्वांत मोलाचा परिच्छेद येतो. निर्णय अनेक भागीदारांनी अनेक पातळ्यांवर संमत केलेला होता. त्याचे समर्थन मात्र मूळ आज्ञावलीत आढळले नाही. अशा उद्योगातील दस्तऐवजांचा पसारा लक्षात घेता, ते गृहीत कोणीही मुद्दाम न दडवता बाहेरच्या परीक्षकांच्या दृष्टीआड गेले, असे मंडळाचे मत आहे. उणीव कागदाची नव्हती. कागद होता, पण ज्या ओळीशी त्याचे नाते होते त्या ओळीपासून तो दूर होता; आणि ज्याने तो वाचायला हवा होता त्याच्याकडे जाणारी वाट कोठेच नव्हती. ब्रूक्स यांच्या पाच फुटी वहीत तो असता तरी फारसा फरक पडला नसता. समर्थनाच्या दस्तऐवजांकडे आज्ञावलीइतकेच लक्ष द्यावे व दोहोंतील मेळ टिकविण्याची पद्धत सुधारावी, अशी शिफारस मंडळाने केली. उत्तरार्ध सोपा दिसतो. खरी अडचण तेथेच आहे.

समर्थन लिहायचे तर कसे लिहायचे, यावर पार्नास यांनीच पॉल क्लेमेंट्स यांच्यासह १९८६ साली एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच काहीसे खट्याळ आहे. तर्कशुद्ध रचनाप्रक्रियेचे सोंग कसे व का करावे, असा त्याचा आशय. कोणतीही रचना प्रत्यक्षात तर्काच्या सरळ रेषेत होत नाही. चुका होतात, माघार घ्यावी लागते, गरजा मध्येच बदलतात. तरीही दस्तऐवज असा असावा की, जणू सर्व काही यथाक्रम घडले. गणितज्ञ सिद्धता प्रसिद्ध करतो ती शोधाच्या क्रमाने नव्हे, हा त्यांचा दृष्टांत. वाचकाला इतिहास नको असतो, प्रणाली समजून घ्यायची असते, हे त्यांचे म्हणणे सहजी खोडून काढता येत नाही.

मराठी इतिहास-संशोधनाचा परिचय असलेल्या वाचकाला येथे बखर आणि अस्सल कागद यांच्यातील जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून प्रसिद्ध करू लागलेल्या राजवाड्यांनी बखरींच्या सलग, नेटक्या कथनापेक्षा तत्कालीन पत्राच्या तुकड्याला अधिक प्रमाण मानले. कारण पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय घडणार हे ठाऊक नसते. पार्नास-क्लेमेंट्स यांचा आदर्श दस्तऐवज ही एका अर्थी बखर आहे : सुबोध, सुसंगत आणि शेवट ठाऊक असलेल्या हाताने लिहिलेली. पण एका बाबतीत ती बखरीच्या पुढे जाते. विचारात घेतलेले व टाकून दिलेले पर्याय, आणि ते का टाकले याची कारणे, यांची नोंद ठेवावी असा या लेखकांचा आग्रह आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाला जे स्थान, तेच हे. पूर्वपक्ष न मांडता केवळ सिद्धान्त लिहिला, तर पुढील पिढी तोच पूर्वपक्ष नवी कल्पना म्हणून घेऊन येते. कोणत्याही जुन्या प्रणालीवर काम केलेल्याला याचा अनुभव असतो.

या सर्व प्रयत्नांच्या मुळावरच घाव घालणारा लेख पेटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञांचा आहे. १९८५ सालच्या त्या लेखात गिल्बर्ट राइल यांच्या १९४९ च्या ग्रंथातील ‘सिद्धांत’ या कल्पनेचा आधार घेऊन नाउर म्हणतात की, आज्ञावली लिहिणे म्हणजे करणाऱ्यांच्या मनात एक सिद्धांत घडविणे होय. आज्ञावलीचा मजकूर व दस्तऐवज हे त्याचे गौण अवशेष. त्यांचे उदाहरण बोलके आहे. एका गटाने तयार केलेला कंपायलर दुसऱ्या गटाला विस्तारासाठी देण्यात आला. त्यासोबत संपूर्ण मजकूर, टीपा, रचनेविषयीची लेखी चर्चा व प्रत्यक्ष सल्लाही दिला गेला. तरी दुसऱ्या गटाने सुचविलेले विस्तार मूळ रचनेच्या शक्तीचा उपयोग न करता वरून जोडलेल्या ठिगळांसारखे असत. पहिल्या गटाला ते तत्काळ दिसे आणि मूळ चौकटीतच बसणारा साधा उपाय ते सुचवीत. पुढे हे मार्गदर्शन सुटल्यावर काही वर्षांनी मूळ रचना ओळखू येण्याइतकी शिल्लक होती, परंतु नाना जोडकामांनी ती निष्प्रभ झालेली होती. यावरून नाउर यांचा निष्कर्ष : करणारा गट विखुरला की आज्ञावली मृत होते, आणि केवळ कागदांवरून तिचे पुनरुज्जीवन अशक्य आहे.

हा निष्कर्ष जितका तीक्ष्ण तितकाच अतिव्याप्त आहे. तो अक्षरशः घेतला, तर कोणतेही शास्त्र ग्रंथावरून शिकता येणार नाही, असे म्हणावे लागेल. आणि राइल यांचे प्रतिपादनही तितके टोकाचे नाही. नाउर यांच्या उदाहरणात खरे बळ आहे ते वेगळ्याच ठिकाणी. दुसऱ्या गटाला उत्तरे हवी होती ती कागदांत नव्हती असे नाही. आपल्याला प्रश्न पडायला हवा हेच त्यांना कळत नव्हते. लिखित मजकूर न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पहिला गट मात्र शेजारी बसून ‘येथे थांबा’ असे म्हणू शके. तेव्हा नोंदीचे खरे कार्य कोणते, याचे उत्तर नाउर यांच्या निराशेतूनच मिळते. वाचकाला योग्य क्षणी थांबविणे, हे ते कार्य. सिद्धांत संपूर्णपणे पोहोचविण्याची जबाबदारी तिच्यावर लादू नये.

पुणे-मुंबईतील असंख्य मराठी अभियंत्यांची वर्षानुवर्षे चाललेली उपजीविका हीच मुळी नाउर यांच्या ‘दुसऱ्या गटा’ची आहे. परदेशी लिहिलेली प्रणाली हाती येते. काही आठवड्यांचे हस्तांतरण होते. मग पहिला गट दूरध्वनीच्या पलीकडे जातो, आणि पुढे तेथूनही नाहीसा होतो. असे असूनही या अनुभवाचे विवेचन मराठीत जवळजवळ झालेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते. हस्तांतरणाच्या बैठकींत ‘हे कसे चालते’ याचीच टिपणे घेतली जातात. ‘हे केव्हा चालणार नाही’ हे क्वचितच विचारले जाते.

या परंपरेतील अलीकडचा टप्पा म्हणजे मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली मांडलेली निर्णय-नोंदीची पद्धत. प्रत्येक महत्त्वाच्या रचना-निर्णयासाठी एक-दोन पानांची नोंद. तीत शीर्षक, परिस्थिती, निर्णय, स्थिती व परिणाम एवढेच. ती आज्ञावलीच्याच भांडारात ठेवायची. निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसायची नाही, ती नव्या नोंदीने निरस्त झाली एवढेच लिहायचे. मोठे दस्तऐवज कोणी अद्ययावत ठेवत नाही. आणि कारण न कळलेला नवागत एकतर जुना निर्णय डोळे मिटून स्वीकारतो किंवा डोळे मिटून फिरवतो, हे नायगार्ड यांचे निदान अचूक आहे. बखरीऐवजी अस्सल पत्र ठेवण्याचीच ही रीत. ती आज अनेक संस्थांत रूढ झाली आहे, व लिओन्स मंडळाने सुचविलेली जवळीक ती पुष्कळ अंशी साधते.

परंतु एरियानच्या कसोटीवर ही पद्धत ठेवली की तिची मर्यादा उघड होते. समजा, तीन चलांविषयीच्या निर्णयाची अशी नोंद होती. एरियान-५ च्या वेळी तिचे काय झाले असते? तिची स्थिती ‘स्वीकृत’ अशीच राहिली असती. कारण त्या निर्णयाला निरस्त करणारा नवा निर्णय कोणी घेतलाच नाही. आज्ञावलीत फरक झाला नाही, म्हणून समासात रेघ नाही. निर्णय झाला नाही, म्हणून नोंद नाही. बदलला तो अग्निबाण. रचनांतराच्या नोंदीचा विचार करणाऱ्या बहुतेक सर्व पद्धती बदलाला प्रारंभबिंदू मानतात. आणि येथे सर्वांत मोठे रचनांतर, म्हणजे एका घटकाचे सर्वस्वी नव्या भोवतालात जाणे, घटकाच्या दृष्टीने ‘काहीच बदल नाही’ या रूपात घडले. नायगार्ड यांच्या नोंदीत ‘परिस्थिती’ हा भाग आहे खरा. पण तो निर्णयाच्या दिवशीच्या परिस्थितीचे वर्णन करून थांबतो. कोणती परिस्थिती पालटली असता हा निर्णय पुन्हा उघडावा, हे सांगण्याची सक्ती तीत नाही. ‘आडवा वेग अमुक मर्यादेत राहील तोवर’ ही अट वाक्य म्हणून लिहिणे हा एक मार्ग. आज्ञावलीतच ती तपासली जाईल अशी तरतूद करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने ती नोंद वाचकाच्या स्मरणावर विसंबून राहत नाही, म्हणून जेथे शक्य असेल तेथे तो अधिक ग्राह्य.

यावर असा आक्षेप येईल की, कोणत्याही रचनेमागील गृहीते अगणित असतात. सगळीच लिहू गेल्यास पुन्हा पाच फुटी वहीच हाती येईल. आक्षेप रास्त आहे, आणि ओएस/३६० चा अनुभव त्याच्या बाजूने आहे. तथापि एरियानच्या प्रकरणी निवडीची अडचण मुळीच नव्हती. अपवाद उद्भवू शकेल अशा प्रत्येक क्रियेचे विश्लेषण रचनाकारांनी स्वतःच केलेले होते, आणि त्यातून निघालेली धोक्याची यादी सात ओळींची होती. त्यांपैकी चार ओळींचे समर्थन आज्ञावलीत संरक्षणाच्या रूपाने उतरले. उरलेल्या तीन ओळी त्याच जागी शब्दांत उतरविल्या गेल्या नाहीत.